धाकट्याच्या हाती

“तुमच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती तुम्हीच सोडलीत ना?” फोनवरच्या बाईंनी पुन्हा विचारलं. बाई इस्पितळांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीतल्या इंजिनिअर होत्या.

काकांच्या हातात मेणाचा जबडा होता. दातांच्या कवळ्या बनवणं हा त्यांचा धंदा. “मी नाही. आमच्या धाकट्याने.”

“मुलगा का तुमचा?”

“नाही हो. ओळखीचा. म्हणजे... भेटलो नाही कधी.”

आपण काय बोलून बसलो ते काकांच्या तेव्हाच ध्यानात आलं.

दातांच्या डॉक्टरांकडून येणाऱ्या फाइली वाटेत बिघडत. फाइल धड पोचली की नाही हे तपासणारा इवलासा प्रोग्रॅम काकांनी कधीकाळी लिहिला आणि कुणीही वापरा म्हणून इंटरनेटवर ठेवून दिला. लोकांनी तो आपापल्या सॉफ्टवेअरच्या पोटात घातला. बँकांच्या, इस्पितळांच्या, विमान कंपन्यांच्या. चालतंय तोवर काकांची कुणाला आठवण नव्हती; काही अडलं की मात्र यांचा पत्ता सगळ्यांना बरोबर सापडे.

गेल्या वर्षी काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. काका इस्पितळात आणि इकडे तक्रारींचा भडिमार. ‘झेपत नसेल तर सोडा की!’ ‘किती ताटकळत ठेवणार?’ त्या गदारोळात एकटाच कुणी गोड बोलला. चुका दुरुस्त करून पाठवायचा आणि खाली लिहायचा, ‘काकू कशा आहेत? तुमचा धाकटा.’ पुढे काकूच त्याला निरोप धाडायला लागल्या. असे फुकट प्रोग्रॅम लिहिणाऱ्या लोकांत माणसाचं तोंड बघत नाहीत, काम बघतात, आणि धाकट्याचं काम लखलखीत होतं. काकांनी नवी आवृत्ती सोडण्याचा अधिकार त्याच्या हाती दिला आणि त्या दिवशी गाढ झोपले.

“त्या नव्या आवृत्तीत चोरवाट आहे, काका,” बाई म्हणाल्या. “पासवर्ड बाहेर जातायत. आमच्या पेशंटांची माहितीसुद्धा.”

काकांनी हात धुतले, आवृत्ती मागे घेतली, सगळ्यांना धोक्याची सूचना लिहिली आणि चूक माझी म्हणून खाली स्वतःचं नाव घातलं. मग धाकट्याला लिहायला गेले, ‘का रे बाबा?’ त्याचं खातं बंद होतं.

संध्याकाळी बाईंचा परत फोन आला. आवाज उतरलेला.

“सांगू की नको, कळत नाहीये. गेल्या वर्षी तुम्हाला वाट्टेल ते बोलणारे होते ना? तेसुद्धा सगळे तोच. खाती वेगळी, माणूस एक.”

काकांनी फोन ठेवला. नाव बद्दू झालं ते एक वेळ सोसलं असतं. पण इस्पितळाच्या बाकावर बसून ज्याच्यापाशी मन मोकळं केलं, त्यानेच आधी रडकुंडीला आणलं होतं. काकूंचं दुखणं त्या मेल्याला सोयीचं पडलं होतं.

“अहो, ऐकलंत का!” दारात काकू. घामाघूम, धापा टाकत, पण चेहरा उजळलेला. “कठडा न धरता जिना चढले मी! धाकट्याला कळवा आधी. तोच म्हणत होता, काकू चढणार म्हणून.”

काकांनी कीबोर्ड पुढे ओढला आणि बराच वेळ काहीबाही टाइप केलं.

“काय म्हणाला?” काकूंनी विचारलं.

“खूश झाला,” काका म्हणाले. “बस तू. पाणी आणतो.”