चारशे तबकड्यांचा चुरा

तबकड्या छापणाऱ्या त्या कारखान्यात कानवाली सव्वीस वर्षं ऐकायच्या खोलीत बसत होती. छापून आलेल्या दर पन्नासातली एक तबकडी उचलायची, यंत्रावर लावायची, डोळे मिटून ऐकायची आणि पास की नापास ते सांगायचं, एवढंच तिचं काम. नापास मालाचा गिरणीत चुरा व्हायचा आणि त्या चुऱ्यातून पुन्हा नव्या तबकड्या निघायच्या. तिचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. त्या दोन कानांवर तिची सगळी ऐट होती, आणि का नसावी?

त्या सोमवारी छापून आला तो तिचा जीव की प्राण असलेला अल्बम. नारिंगी वेष्टनातला, अस्सल फंक आणि डिस्को, आठ गाणी. बाजारातून तो कधीच उडाला होता आणि आता इतक्या वर्षांनी पुन्हा निघत होता. तिच्याकडे पहिल्या छपाईची प्रत होती, वयाच्या अकराव्या वर्षापासूनची. दिवसभर कारखान्यात ऐकून कान विटलेले असायचे, त्यामुळे घरी ती दुसरं काही लावायचीच नाही. पण रविवारी सकाळी हा हवाच. पहिल्या बाजूच्या दुसऱ्या गाण्यात बेस गिटार अशी काही मुसंडी मारते, की बसल्या माणसाचा पाय आपसूक हलतो. ट्रम्पेटवाले तिच्या मागे लागतात, आणि मध्येच सगळे एकदम गप्प. दोनच टाळ्या. की पुन्हा दणका सुरू. श्वास घ्यायलाही फुरसत नाही. पन्नाशी उलटली तरी कानवाली त्या दोन टाळ्यांवर स्वयंपाकघरात गिरकी घ्यायची.

तर मोठ्या हौसेने तिने सुई टेकवली आणि तिचं तोंड कडू झालं. ही बेस गिटार? ही तर भरपेट जेवून सुस्तावलेल्या माणसासारखी पाय ओढत चालली होती. गाणारी पोरगी अवखळ होती, तिची थोराड बाई झालेली. आणि त्या दोन टाळ्यांआधी एवढी पोकळ जागा, की मधल्या वेळात कुणी चहा पिऊन यावं. शी! दुसरी तबकडी लावली, तिसरी लावली, सगळीकडे तीच मरगळ. तिने आठशेच्या आठशे नापास केल्या.

फोरमन धावत आला. भला माणूस, आवाज चढवायचा नाही. त्याने वेग मोजायची चकती यंत्रावर ठेवून दाखवली. वेग अगदी बरोबर होता. मग मूळ टेपच कुणीतरी नासवली असणार, असं कानवालीने ठणकावलं. हल्ली जुनं सुधारायला बसलेल्या दीडशहाण्यांचा सुळसुळाट झालाय, मेलेल्याला पावडर फासून आपल्यासमोर आणून ठेवलंय. मालकांना फोन करतो, तोवर थांबा, असं तो विनवत राहिला. पण हा घाणेरडा माल आपल्या छपराखाली रात्रभर राहणार, ही कल्पनाच तिला सहन होईना. काम सुटेपर्यंत चारशे तबकड्यांचा चुरा झाला. ती गिरणीपाशी उभी राहून बघत होती, आणि तिला फार बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ती घरची प्रत घेऊन आली. खरा माल कशाला म्हणतात ते एकदा सगळ्यांना कळू दे, म्हणून तिने छपाईवाले आणि बांधणीतल्या बायकाही बोलावून घेतल्या. खोलीत दाटीवाटीने माणसं उभी राहिली. तिने सुई टेकवली.

बेस गिटार पाय ओढत चालली होती.

तिने सुई पुसली. यंत्र बदललं. तीच थोराड बाई गात होती, टाळ्यांआधी तीच पोकळ जागा. बायका एकेक करून निघून गेल्या. फोरमनने गिरणी बंद करायला माणूस पाठवला आणि हळूच विचारलं, "ताई, घरचं मशीन कुणी जुळवलंय?"

घरचं मशीन बाबांनी जुळवलं होतं. जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेला माणूस, आता त्र्याऐंशीचा, तिच्याजवळच राहत होता. दुपारी घरी जाऊन तिने मशीनची वरची थाळी उचलली. मोटरच्या पुलीवर कापडी चिकटपट्टीचे दोन वेढे, काळे, कडक झालेले. जाड पुली, जास्त वेग. तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"हे तुम्ही केलंत?"

बाबांना लाजबीज काही वाटली नाही. मामाने ती तबकडी आणून दिली आणि घरात उच्छाद सुरू झाला, असं ते म्हणाले. ते धडाम धडाम ऐकून त्यांना ओकारी यायची. बंद कर म्हटलं की ही रडणार. निदान लवकर तरी संपावं म्हणून त्यांनी दोन वेढे दिले. एका बाजूमागे दोन मिनिटं वाचत होती.

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"सांगणार होतो. पण आधी तू नुसती बसून ऐकायचीस. त्या दिवसापासून नाचायला लागलीस."

बेचाळीस वर्षं जिच्यावर जीव टाकला, ती बाबांची ओकारी होती! तिला त्यांची किळस आली, स्वतःची त्याहून जास्त. वेढ्याच्या टोकाला तिने नख लावलं, आणि मग थाळी तशीच परत बसवली.

बुधवारी तिने उरलेल्या चारशेतली एक तबकडी लावली. दोन्ही बाजू, आठही गाणी, शेवटपर्यंत. जागेवरून ती हलली नाही. दोष शोधून सापडेना, म्हणून पास लिहिलं. चुरा झालेल्या चारशेंपुढे कारणाच्या रकान्यात 'ऐकणारीची चूक' असं लिहून खाली सही ठोकली.

फोरमनने तिच्यासाठी एक प्रत वेगळी काढून ठेवली होती, नारिंगी वेष्टनासकट.

"नको," ती म्हणाली. "मला हा अल्बम आवडत नाही."