पदरचा शब्द

हरकतीचा कागद माझ्या हातात पडला तेव्हा अडीच वाजले होते आणि चारशे मीटरची अंतिम शर्यत साडेतीनला होती. मला आधी राग आला तो त्या कागदावरच्या अक्षराचा. इतकं वळणदार अक्षर काढून कुणी एखाद्या पोरीचं वाटोळं करतं का?

'सदर विद्यार्थिनी चौदा वर्षांखालील गटातील वाटत नाही. वयाची पडताळणी व्हावी.' खाली सही दुसऱ्या शाळेच्या चुनीलाल सरांची. पोरीचं नाव रविना पावरा, इयत्ता आठवी. शाळा माझी.

नंदुरबारला जिल्हा परिषदेच्या शाळांचा महोत्सव भरला होता. मैदानाच्या एका बाजूला मांडव, त्यात लेझीम, समूहगीतं, विज्ञानाची मॉडेलं. दुसऱ्या बाजूला चुन्याने आखलेली धावपट्टी. चार वाजता जिल्ह्यातल्या अकरा शिक्षकांचा सत्कार होता आणि त्या अकरांत मी होते. त्यासाठी मी इस्त्रीची साडी नेसून पहाटेच्या जीपमध्ये सहाजणींच्या मध्ये चेंगरून धडगावचा घाट उतरले होते. साडीचं जे व्हायचं ते झालंच होतं.

पण माझा जीव सत्कारात नव्हता, खरंच नव्हता. शर्यतीतल्या पहिल्या दोन मुलींना नाशिकच्या खेळाच्या वसतिगृहात जागा मिळणार होती. दहावीपर्यंत राहणं, जेवण, शाळा सगळं तिथेच. रविना सकाळच्या फेरीत अनवाणी धावून पहिली आली होती, दुसरीपेक्षा वीस पावलं पुढे. आणि ती निवडली गेली नाही, तर सोमवारी मुकादमाची गाडी मायलेकींना न्यायला पाड्यावर येणार होती. बाप भीमसिंग दिवाळीपासून गुजरातेत ऊसतोडीला गेलेला. आई रमिलाबाई केवळ माझ्या शब्दाखातर मागे राहिली होती. "पोर जिंकेल, सरकार तिला सांभाळेल," असं मी तिला छातीठोक सांगितलं होतं.

मी चुनीलाल सरांना मांडवामागे गाठलं. त्यांच्या शाळेची किंजल सकाळी दुसरी आली होती. म्हणजे तिची जागा पक्कीच म्हणायची, आणि तरीही हे!

"सर, कागद दखा ना. दाखलावर काय लिखेल शे ते वाचा," मी त्यांच्याच बोलीत म्हटलं.

"वाचं ना मी," सर शांतपणे म्हणाले. "एक जून. तुमना शाळाना आठे आयेल चारी पोरेस्ना वाढदिवस एक जून. एकच दिवसले आख्खा पाडा बाळंत व्हयना का, बाई?"

जन्मतारखा मीच लिहिल्या होत्या. अकरा वर्षांपूर्वी मी या पाड्यावर आले, तोरणमाळच्या वाटेवर, धडगावहून जीपने पाऊण तास. बाळंतपणं घरात व्हायची, जन्मदाखला कुणाकडेच नसायचा. जूनमध्ये शाळा उघडते, सहा वर्षं पूर्ण हवीत, मग पोराकडे बघायचं आणि अंदाजाने लिहायचं, एक जून. माझ्या आधीच्या गुरुजींनी तेच केलं, त्यांच्या आधीच्यांनीही तेच केलं असणार. रविना तेव्हा काडीसारखी होती. मी लिहिलं, एक जून दोन हजार अकरा. लिहायला मला एक मिनिटसुद्धा लागलं नव्हतं.

तीन वाजता पडताळणी समितीने बोलावलं. समिती म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या, थर्मासमधला चहा आणि विस्तार अधिकारी हेमराज साहेब. माणूस वाईट नाही, पण नियमाला चिकटून बसला की हलत नाही. टेबलापाशी आम्ही पाचजण झालो. साहेब, चुनीलाल सर, मी, रविना आणि रमिलाबाई. रमिलाबाईला मराठी येत नाही. ती नुसती पावरी बोलते. तिच्याखेरीज तिथे पावरी कळणाऱ्या आम्ही दोघीच होतो, मी आणि रविना.

"एक जानेवारी दोन हजार अकरा किंवा त्यानंतरचा जन्म हवा," साहेब म्हणाले. "रजिस्टरप्रमाणे बसते. पण रजिस्टरच्या त्या पानावर एकवीस मुलं आहेत आणि एकवीस जणांची तारीख एकच. मी हा पुरावा कसा धरू, आशाबाई?"

मी रजिस्टर मिटून त्यांच्याकडे सरकवलं.

"आई आली आहे ना? आईला विचारा. पोर कधी झाली?"

मी विचारलं. रमिलाबाई खूश झाली. इतक्या मोठ्या साहेबाने तिला काहीतरी विचारलं होतं, आणि जे विचारलं ते तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. ती म्हणाली, "रविवारी झाली, म्हणून तर रविना. माझा सोमा सोमवारचा, बुध्या बुधवारचा." आमच्याकडे डोंगरात वारावरून नावं ठेवतात, हे मी साहेबांना सांगितलं. रमिलाबाई पुढे होळीचंही बोलली होती, आणि तो शब्द साहेबांनीही टिपला होता.

"होळीचं काय म्हणतात त्या?"

"होळीच्या वेळी झाली, साहेब."

साहेबांनी मोबाईल काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि जुन्या वर्षांची दिनदर्शिका उघडली. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. अकरा साली होळी शनिवारी, धुळवड रविवारी. दहा साली होळी रविवारी, धुळवड सोमवारी.

धुळवडीचा रविवार असेल, तर साल अकरा आणि पोर गटात बसते. होळीचाच रविवार असेल, तर साल दहा आणि पोर बाहेर.

साहेबांच्याही ते ध्यानात आलं. "नीट विचारा. होळीच्या दिवशी, का दुसऱ्या दिवशी?"

रमिलाबाईने हातांनी करून दाखवलं. पुरुष होळीचा दांडा उभा करत होते, ढोल वाजायला लागले होते, आणि हिला कळा आल्या. सासू म्हणाली, थांब, होळी पेटू दे, मग बघू. "ही थांबते का? होळी पेटायच्या आधीच आली." एवढं बोलून ती स्वतःच हसली, आणि साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

आता माझ्या त्या सत्काराविषयी सांगायला हवं. तो होता आमच्या शाळेतल्या शब्दभिंतीचा. वर्गाच्या एका अख्ख्या भिंतीवर डावीकडे पावरी शब्द आणि उजवीकडे मराठी. पोरं घरून शब्द आणतात आणि त्याला बरोबर जोडी शोधतात. घरच्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी ऐकून मराठीत सांगतात. त्याचा एकच नियम आहे आणि तो मी खडूने भिंतीच्या डोक्यावर लिहून ठेवला आहे: पदरचा शब्द घालायचा नाही. आजी जे बोलली तेच सांगायचं. कमी नाही, जास्त नाही. ज्याने पदरचं घातलं त्याला मी पुन्हा घरी पाठवते, जा, आजीला परत विचारून ये. या भिंतीवर पोरं मराठी शिकली, आणि सगळ्यांत चांगली रविना शिकली.

"दुसऱ्या दिवशी, साहेब," मी म्हणाले. "धुळवडीला."

आवाज कापला नाही. माझं मलाच नवल वाटलं. साहेबांनी मान हलवली आणि पेनचं टोपण काढलं. चुनीलाल सर जमिनीकडे बघत होते. बाहेर शिट्टी झाली. चारशे मीटरच्या मुलींनी रेषेकडे यावं, अशी सूचना झाली.

"साहेब."

रविना बोलली. हात मागे बांधून, वर्गात उभी राहते तशी.

"आई तसं नाही म्हणाली. होळी पेटायच्या आधी, असं म्हणाली."

एकदम स्वच्छ मराठी. 'आधी'चा उच्चारसुद्धा मी शिकवलेला. मला तिच्या मुस्काटात द्यावीशी वाटली आणि त्याच क्षणी तिला छातीशी धरावंसं वाटलं. यातलं काहीच मी केलं नाही.

"तुला कळतंय ना, बाळ, तू काय सांगतेयस?" साहेबांनी हळू विचारलं.

"हो. दोन हजार दहा."

साहेब जरा वेळ पेनशी खेळत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आशाबाई, गलका फार आहे. तुमच्या ऐकण्यात चूक झाली असेल."

त्यांनी वाट काढून दिली होती. मला ती घेववली नाही. "नाही साहेब. ऐकलं बरोबर. सांगितलं खोटं."

त्यांनी कागदावर एक ओळ लिहिली आणि सही केली. रविना शर्यतीतून बाद. उठताना चुनीलाल सर माझ्याजवळ थांबले. "माले बी बरं नही वाटस, बाई," ते म्हणाले. त्या माणसाने काहीच खोटं केलं नव्हतं.

आम्ही तिघी धावपट्टीच्या कडेला निंबाखाली येऊन उभ्या राहिलो. समोर मुली रेषेवर वाकल्या होत्या, आणि चौथा पट्टा रिकामा होता. रमिलाबाई लेकीकडे, मग माझ्याकडे बघायला लागली. ही का उभी इथे? काय झालं?

मला पावरी येते. अकरा वर्षांत चांगली येते. पण तिला काय सांगू? तुझ्या खरं बोलण्याने तुझी पोर गेली, असं?

रविनानेच सांगितलं. "ती लहान मुलींची शर्यत आहे, आई. मी मोठी निघाले."

मी मनातल्या मनात तिचं वाक्य तपासलं. एकही शब्द पदरचा नव्हता. आणि तरी आईला कुठे खरचटलं नव्हतं. आयुष्यभर शिकवूनही मला हे आलं नाही.

रमिलाबाई हसली. "मी म्हणतच होते. मोठी झालीस तर बरंच. सोमवारी दोघी गाडीत बसू. तुझा बाप एकटा मोळ्या बांधतोय."

रविनाने मान डोलावली. तेवढ्यात बंदूक वाजली आणि मुली सुटल्या. किंजल पहिल्या वळणापासून पुढे होती. रविना बघत राहिली, पायाची बोटं मातीत रुतवून, शेवटची मुलगी पोचेपर्यंत. मग तिने टाळ्या वाजवल्या. मला रडू आवरेना आणि त्याचाही राग आला.

आम्ही तिथेच उभ्या होतो, तोवर चार वाजले आणि मांडवातून माइकवर सत्कार सुरू झाल्याचं ऐकू आलं. पहिलं नाव, टाळ्या. दुसरं नाव, टाळ्या. तिसरं माझं होतं. 'डोंगरातल्या मुलांच्या ओठांवर अस्खलित मराठी आणणाऱ्या...' मी जागची हलले नाही.

"रविना," मी म्हटलं, "आईला सांग. म्हणावं, ही दहावीपर्यंत धडगावला माझ्या खोलीवर राहील. नववीत नाव मी घालते. रोज सकाळी पळेल. मोठ्या मुलींच्याही शर्यती असतात."

रविनाने माझ्याकडे पाहिलं.

"सांग ना गं."

"बाई, हे तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "हे तुमच्या पदरचं आहे."

माइकवर माझं नाव पुन्हा पुकारलं. मी रमिलाबाईचा हात धरला. कोयत्याचा हात, माझ्या दुप्पट राठ. आणि मी माझ्या मोडकीतोडकी होऊन बसलेल्या पावरीत बोलायला लागले. आधी हे सांगितलं की मी साहेबासमोर खोटं बोलले आणि तुझी पोर खरं बोलली. मग सांगितलं की शर्यत गेली, वसतिगृह गेलं, सरकार आता सांभाळणार नाही. मग सांगितलं की मी सांभाळीन. मला तुझी पोर दे, असं म्हणताना माझी जीभ दोनदा अडखळली.

रमिलाबाईने हात काढून घेतला. हसू गेलं होतं. ती लेकीकडे बघत होती, तिच्या मातीने भरलेल्या पायांकडे, आणि मी तिच्याकडे. तिसऱ्यांदा नाव पुकारलं गेलं आणि माइकवाला पुढच्या नावाकडे वळला.

"उसात माणसं कमी आहेत," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"हिचा बाप मला बोलेल."

"मी बोलते त्याच्याशी."

मग तिने एकच विचारलं. उसाच्या फडावरून सगळे पाड्यावर परत येतात ती वर्षातली एकच वेळ असते. "होळीला घरी पाठवशील?"

"पाठवणार नाही," मी म्हटलं. "मी घेऊन येईन. होळी पेटायच्या आधी."