तिरकी बाजू

काचेच्या दुकानात सकाळपासून सुनेचा जीव थाऱ्यावर नव्हता. टेबलावर निळ्या काचेचा शेवटचा तुकडा होता, तिच्या हातात काच कापायचा हिरा होता, आणि समोर एकाच त्रिकोणी खिडकीची दोन मापं. सासऱ्यांनी काल आणलेलं: पाया पन्नास, उंची साठ. नवऱ्याने आज पडताळून आणलेलं: पाया पंचाहत्तर, उंची चाळीस.

"कशाचा कशाला मेळ नाही," नवरा करवादला. "आबांनी आता घरी बसावं. उद्यापासून मापाला मीच जाणार."

आबा कोपऱ्यात बसून टेप ओढत होते, सोडत होते. सुनेला ते बघवेना. हिरा कसा धरायचा हे तिला आबांनीच शिकवलं होतं. मापाचं काम काढून घेतलं, तर दिवसभर ते करणार काय?

ती टेबलाभोवती येरझारा घालू लागली. पन्नास गुणिले साठ, तीन हजार. पंचाहत्तर चोक तीनशे, म्हणजे पुन्हा तीन हजारच! चुकलेलं माप इतकं नेमकं जुळेल?

उंची पायावर कुठे उतरते, तेही दोघांनी टिपलं होतं. तिने दोन्ही मापांचे कागद कापले आणि एकावर एक ठेवले. जुळेनात. वैतागून एक फिरवला, परत फिरवला, आणि कडेला कड बसली.

"अहो, त्रिकोण एकच आहे! तुम्ही आडवी बाजू पाया धरलीत, आबांनी तिरकी. कुठलीही धरा, फक्त उंची त्याच बाजूपासून मोजायची."

"पाया कधी तिरका असतो का?"

"आणि छताजवळ असतो? तुम्ही तर वरचीच बाजू धरलीत की!"

नवरा ओशाळला. "पण सरळ सोडून तिरक्यात कशाला शिरले?"

सुनेने आबांकडे पाहिलं. खिडकी जिन्यावर होती. आडव्या बाजूला शिडी लागते. तिरकी मात्र पायऱ्यांच्या कडेने जाते; कठड्याला धरून उभं राहिलं की तिथे हात पोचतो, आणि तिथून टेप वरच्या कोपऱ्यापर्यंत सारता येते. आबांना शिडी चढवत नव्हती.

"सवय असते एकेकाला," ती म्हणाली.

"चुकलो, आबा," नवरा मोकळेपणाने म्हणाला. "उद्या त्या गोदामाच्या झरोक्याचं माप तुम्हीच घ्या. उंच आहे, पण तुम्हाला काय!"

आबांच्या हातातली टेप थांबली.

"मीही जाते," सून म्हणाली.

"एका मापाला दोघं?"

"शिडी धरायला कुणीतरी लागतंच ना."

शिडी कोण धरणार, हे तिने सांगितलं नाही, आणि आबांनीही विचारलं नाही.