बिनआवाजाची जीपनी

जीपनीवाल्यांच्या संपाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता तेम्योंगने विजेच्या गाडीची काच फोडली. गाडी बायकोच्या सख्ख्या भावाची आहे हे ठाऊक असून फोडली.

लिगाया धावत पोचली तेव्हा नवऱ्याच्या हातात चाक खोलायचा पाना होता, आणि धाकटा भाऊ इस्को कपाळाचं रक्त बाहीने पुसत स्टिअरिंगमागे बसला होता. उतारू केव्हाच पळाले होते. समुद्रकाठच्या मालाबोन शहराच्या त्या चौकात संपवाल्यांनी पेटवलेले टायर जळत होते. समोर तेम्योंगची जुनी डिझेलची जीपनी, उतारूंसाठी बाकं टाकलेली लांब जीप, आडवी लावलेली. तिच्यावर दोन्ही मुलींची नावं लाल रंगात. एकवीस वर्षं लिगाया त्याच गाडीत पुढे बसून, मागून हातोहात येणारं भाडं गोळा करत आली होती. आता सरकार म्हणत होतं, धूर ओकणाऱ्या गाड्या मोडीत काढा, विजेच्या घ्या.

"उतर," तेम्योंग म्हणाला. "लिगायाचा भाऊ म्हणून गुडघे शाबूत ठेवतो."

"दाजी, आईच्या चुलीत रोज भरतीचं पाणी शिरतं. समुद्र का चढतोय, ते या तुमच्या धुराड्याला विचारा."

"डोक्यावरून दिवसभर विमानं जातात. त्यांच्या शेपटीला नळी लावून कुणी धूर मोजलाय? मोजायचा तो माझाच. आणि तू माझे उतारू पळवतोस, ते काय समुद्र उतरवायला?"

लिगायाने पान्याचा हात धरला. "मारायचंय ना, मग आधी मला मार. उद्यापासून भात तूच शिजव."

संपवाले हसले. तेम्योंगने पाना टाकला, पण इस्कोला कॉलर धरून खाली ओढलं आणि बरगडीत दोन लाथा घातल्या. इस्को कसाबसा उठला आणि दम घ्यायला जुन्या जीपनीला टेकून, दोन गाड्यांच्या मधे उभा राहिला.

"ही पण आडवी लावतो," म्हणत तेम्योंग नव्या गाडीत चढला.

इंजिनाचं हूं नाही की चूं नाही, म्हणजे गाडी बंद, असं त्याला वाटलं. जुनं डिझेल जागं करायचं तर किल्लीआधी वेगाचं पॅडल तीनदा तळापर्यंत दाबायचं, हे त्याच्या पायाला झोपेतही येत होतं. हात किल्ली शोधत होता, तोवर पायाने पहिल्यांदा दाबलं.

तेवढं पुरलं. गाडीचा आवाज झालाच नाही, म्हणून लिगायाला फक्त हाड मोडल्याचा ऐकू आला.

इस्को मांड्यांपाशी दोन्ही गाड्यांमधे चिणला गेला. जुन्या जीपनीचा रेडिएटर फुटून गरम पाणी रक्तात मिसळलं. तेम्योंगचा हात गिअरची दांडी चाचपत होता, जी तिथे नव्हतीच. पाय अजून पॅडलवरच. लिगायाने त्याच्या तोंडात मारली. "पाय काढ आधी."

"दाजी," इस्को म्हणाला. "ब्रेक दाबा. उजव्या हाताची गोल खुंटी... मागे फिरवा. आता पाय हळू. अंड्यावर ठेवल्यासारखा."

गाडी वीतभर मागे सरकली. इस्को कोसळला. लिगायाने नवऱ्याच्या गळ्यातला टॉवेल ओढून मांडीच्या वर आवळला.

रुग्णवाहिका येणार कुठून? सगळे चौक संपवाल्यांनीच बंद केले होते. जुनी जीपनी रस्त्यातच मेली होती. चौघांनी इस्कोला विजेच्या गाडीत आडवं केलं आणि हसणाऱ्यांनीच टायर बाजूला ओढले. तेम्योंगने गाडी इस्पितळाकडे काढली.

पुढच्या चौकात मात्र दगड सुरू झाले. संपात फिरणारी गाडी म्हणजे फितुराची.

"अरे, मी आहे, तेम्योंग." कुणाला ऐकू गेलं नाही. मग त्याने फुटक्या खिडकीतून तोंड बाहेर काढलं. ओळख पटावी म्हणून की मार बसावा म्हणून, लिगायाला कळेना. एक दगड गालावर बसला. त्याने गाडी थांबवलीही नाही, पळवलीही नाही.

"बोलत राहा रे," तो पुढे बघूनच इस्कोला म्हणाला. "मधेच गप्प बसू नकोस."

लिगाया भावावर पालथी पडली होती. तिच्या पाठीवर काचा पडत होत्या. पोटाखाली इस्कोचा श्वास तुटक तुटक लागत होता.

"उजवीकडे घ्या, दाजी," इस्को म्हणाला. "हळू."