रोही, बाभूळ आणि संध्याकाळचा डबा

समजा, तुम्ही गाडीत मागच्या सीटवर बसला आहात. खिडकीबाहेर कापसाची शेतं मागे पळताहेत. सूर्य बाभळींच्या शेंड्यांना टेकलाय आणि तुमच्या पोटात कावळे ओरडताहेत. घरी स्वयंपाक तयार आहे, पण तुमच्या जैन घरात सूर्य बुडाल्यावर कुणी जेवत नाही. मग गाडी चालवणाऱ्या आजोबांना तुम्ही काय सांगाल?

"दादाजी, जोरात ना!"

रूपलनं अगदी हेच सांगितलं होतं.

दोघं धरणगावहून जळगावला, पिंप्राळ्यातल्या आपल्या घरी निघाले होते. माणकचंद दादाजी एरवी इतकं सावकाश चालवायचे, की सायकलवालेही पुढे जायचे. त्या दिवशी मात्र नातीच्या भुकेपायी त्यांनी वेग वाढवला. आणि रोही, म्हणजे नीलगाई, चरायला बाहेर पडतात त्याही नेमक्या याच वेळी. वळणावरच्या हरभऱ्यातून घोड्याएवढा एक रोही उडी मारून थेट गाडीपुढे आला.

ब्रेक करकरले. धाडकन आवाज झाला. गाडीचं नाक चेपलं, एक दिवा फुटला. रोही पडला, धडपडत उठला आणि लंगडत शेतात दिसेनासा झाला.

दादाजी मुंगीलासुद्धा वाट करून देणारे. ते रस्त्यातच हात जोडून उभे राहिले. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशीही त्यांनी उपवास धरला. आणि तशाच उपाशी पोटी विमा कंपनीला फोन लावून सांगितलं, "गाडी बाभळीला धडकली."

रूपलनं आ वासला. "बाभळीला? दादाजी, तो रोही..."

"हळू बोल!" दादाजींनी फोन ठेवला. "पांजरापोळातल्या म्हाताऱ्या, भाकड जनावरांचं मी बघतो, बेटा. माणकचंदनं मुकं जनावर उडवलं असं समाजात कळलं, तर तोंड कुठं लपवू?"

पण 'जोरात' हा तिचाच शब्द होता. तो काही केल्या तिच्या डोक्यातून जाईना.

नुकसान बघायला कंपनीचा माणूस आला, भूषण त्याचं नाव. त्यानं गाडीभोवती फेरी मारली, फोटो काढले, मग दिव्याच्या खाचेतून काहीतरी चिमटीत धरून वर काढलं. करडे, राठ केस.

"काकाजी, ही बाभूळ कुठल्या गावची हो? मला पहिल्यांदाच केसाळ बाभूळ बघायला मिळाली."

दारातून सज्जनबाई दादी म्हणाल्या, "हसतोस काय भाऊ? दुकान, दवाखाना, पांजरापोळाचा चारा, सगळं या एका गाडीवर आहे. विमा मिळाला नाही, तर ती अशीच उभी राहील."

"मिळेल ना, काकू. काकाजींनी पूर्ण विमा घेतलाय. नुसता समोरच्याच्या नुकसानीचा असता, तर आपल्या गाडीला काही मिळालं नसतं. पूर्ण विम्यात रोही आडवा आला काय, रानडुक्कर आलं काय, भरपाई असते." भूषणनं केस कागदात गुंडाळले. "जनावर धडकलं म्हणून कुणी नाही म्हणत नाही. खोटं सांगितलं, तर मात्र हात वर करतात. मी चहा घेतो, तोवर विचार करा."

दादाजी पायांच्या अंगठ्यांकडे बघत राहिले. भूषणचा चहा संपत आला.

रूपल त्यांच्या शेजारी जाऊन बसली. "दादाजी, पर्युषण संपताना आपण सगळ्यांना मिच्छामि दुक्कडं म्हणतो ना? चुकून दुखावलं असेल तर माफ करा, असं?"

"हो."

"फक्त माणसांना?"

"नाही. सगळ्या जिवांना."

"मग रोहीला कसं म्हणायचं? तुम्ही तर म्हणता, तो तिथं नव्हताच." तिनं त्यांचा हात धरला. "आणि मला म्हणायचंय. जोरात मीच म्हटलं होतं."

दादाजींनी तिला जवळ ओढलं. मग ते भूषणकडे वळले. "भूषणभाऊ, रोहीच होता. फोनवर मी खोटं बोललो. लाज वाटली म्हणून."

"बास. एवढंच लिहून द्या. तिकडची नोंद मी दुरुस्त करायला लावतो."

विमा मंजूर झाला. दुरुस्त झालेली गाडी घेऊन दोघं पुन्हा धरणगावला गेले. येताना त्या वळणावर रूपलनं गाडी थांबवायला लावली. शेताचे मालक हिलाल आबा हरभऱ्याला पाणी देत होते.

"आबा, एक लंगडा रोही दिसला का हो?" तिनं विचारलं.

"लंगडा?" हिलाल आबा खवळले. "पयस तो आते, घोडासारखा! मना बठ्ठा हरभरा खाई टाका त्यानी. तठे बांधवर उभा शे, देख!"

म्हणजे रोही आता घोड्यासारखा पळत होता. दादाजी हसले. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

बांधावर खरंच तो उभा होता, कान टवकारून. रूपलनं त्याच्याकडे बघून हात जोडले, "मिच्छामि दुक्कडं." दादाजींनीही जोडले.

सूर्य बाभळींकडे झुकला होता. दादाजींनी सवयीनं घाईघाईत किल्ली काढली. "चल बेटा, जेवायला उशीर होईल."

रूपल गाडीत चढली नाही. तिनं मागच्या सीटवरून पिशवी काढली, दादीकडून सकाळीच भरून घेतलेला डबा रस्त्याकडेला उघडला, आणि पहिला ठेपला दादाजींच्या हातात ठेवला.