आसेगावची हवा

"मंग हा रिकामाच हाये म्हनतं?" जगदेवकाकांनी काचेचा तो गोल फुगा उन्हाकडे धरून पाहिला.

"आतली हवाबी काढून घेतली हाये, काका. तोटी फिरवली का इथली हवा आत जाते."

"हवा भराचा पगार देते सरकार तुले? मंग त्या सायकलवाल्यानं काय पाप केलं, लेका?"

ओट्यावरचे सगळे हसले. देवमनही हसला. मुंबईत हवा तपासणाऱ्या खात्यात तो चौकाचौकात असे फुगे भरत असे. मोटारींच्या धुरातून आणि पेट्रोल-रॉकेलच्या वाफेतून हवेत किती हायड्रोकार्बन मिसळतं, ते मग यंत्रावर मोजलं जाई. तुलनेसाठी साहेबांना स्वच्छ हवा हवी होती. चार दिवस गावी चालला आहेस तर भरून आण, म्हणाले. फुगा एकच दिला. जवळ चूल नको, दिवा नको, विडीसुद्धा नको, असं दोनदा बजावलं.

घरात भागिरथाबाईनं, त्याच्या आईनं, तो आला त्याच दिवशी आपलं बोचकं बांधून ठेवलं होतं. वडील गेल्यापासून ती एकटीच होती, आणि दम्यानं अर्धी झाली होती. या खेपेला लेकाबरोबर जायचं, हे तिनं गल्लीभर सांगितलं होतं. बायको हेमला आणि लेकरासह देवमन राहत होता ती खोली चेंबूरला, तेलाच्या कारखान्यांच्या मागे. तिथल्या हवेचा आकडा त्याला पाठ होता. निघायच्या आदल्या दिवशी त्यानं कसंबसं सांगितलं.

"तिथली हवा खराब हाये, माय. तुह्या दम्याले सोसनार नाई."

"तू राह्यतं. हेमला राह्यते. लेकरू राह्यते. मलेच काहून नाई सोसत?"

लेकरू रात्रभर खोकतं, हे त्यानं आईला कधी कळवलं नव्हतं.

"हेमला नाई म्हनते का?"

"नाई वं, माय."

तिनं पुढे विचारलं नाही. बोचकं सोडलं आणि लुगडं परत दोरीवर टाकलं.

दुसऱ्या दिवशी चुली पेटायच्या आत तो फुगा घेऊन शेताच्या धुऱ्यावर, बांधावर गेला. वारा कपाशीच्या पऱ्हाटीवरून येत होता. त्यानं तोटीला हात घातला, तोच मागून उजेड आला. पदराच्या आडोशानं रॉकेलची चिमणी सांभाळत आई आली होती. चढानं तिला धाप लागली होती.

"अंधारात तोटी कशी दिसन तुले?" म्हणत ती नेमकी वाऱ्याच्या बाजूला उभी राहिली आणि दिवा फुग्याजवळ धरला.

घरी जा, एवढंच म्हणायचं होतं. पण काल तो तिला एकदा नाही म्हणाला होता. साहेब काय म्हणतील तेही त्याला माहीत होतं. त्यानं श्वास रोखला आणि तोटी फिरवली. बारीक सूं असा आवाज झाला.

"भरली?"

"भरली, माय."

"आमच्या आसेगावची हाये म्हन त्याईले."

तिनं चिमणी फुंकली. जळक्या वातीचा, रॉकेलचा वास दोघांमध्ये थोडा वेळ राहिला. मग चिमणी त्याच्या हातात देऊन तिनं फुगा पदरात घेतला आणि दोन्ही हातांनी जपत ती घराकडे निघाली. दम घ्यायला ती जिथं थांबे, तिथं मागे तोही विझलेली चिमणी घेऊन थांबे.