न गळणारा दिवा

आमचे हे नळदुरुस्ती करतात. अख्ख्या गल्लीत यांच्या हातचा एक नळ गळत नाही, फक्त आमच्या स्वयंपाकघरातला गळतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्यामुळे लेकीसाठी समुद्राच्या तळाशी नेता येईल असा दिवा घरीच करतो, असं यांनी जाहीर केलं, तेव्हा मी हसले नाही एवढंच. भाजी चिरत राहिले.

लेकीला घरात सगळे मासोळी म्हणतात. पाठीवर हवेची टाकी बांधून ती पाण्याखाली जाते आणि तिथल्या माशांचं, खडकांचं चित्रण करते. धक्क्यावर डायव्हिंग शिकवणारं दुकान आहे, तिथल्या मालकीणबाईंना चित्रण करायला कायमचं माणूस हवं होतं. त्या मासोळीला म्हणाल्या, "रविवारी खालच्या कपारीचं चित्रण करून दाखव. आवडलं तर काम तुझं." आता खोलात म्हणे लाल रंग दिसतच नाही, सगळं निळं नाहीतर करडं. रंग हवा तर दिवा न्यावा लागतो, आणि विकतचा दिवा आमच्या आवाक्याबाहेरचा.

इकडे माझ्या दिरांनी त्यांच्या विमा कचेरीत मासोळीसाठी एक खुर्ची धरून ठेवली होती. सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं. शहर लांबचं, पण कोरडं. खरं सांगते, मला ती खुर्चीच हवी होती. पोरगी पाण्यात उतरली की वर येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागतो. रोज उठून ते सोसायचं बळ माझ्यात नव्हतं. "रविवारी नाही जमलं तर जाईन काकांकडे," असं तिनं कबूल केलं होतं, ते मी पदराला गाठ मारून ठेवलं होतं.

यांनी जाड ॲल्युमिनियमचा पाइप कापला. एका तोंडाला ॲक्रिलिकची चकती पक्की चिकटवली, दुसऱ्या तोंडाला फिरकीचं झाकण. आत एलईडी आणि बॅटऱ्या. झाकणाच्या खाचेत रबराची रिंग, म्हणजे पाणी आत शिरायला नको. वायरींचं काम मासोळीचं. पहिल्यांदा दिवा लावला तो माझ्या ओट्यावर. असा लख्ख उजेड पडला की मांजर खिडकीतून पळालं आणि फळीमागची जाळीजळमटं उघडी पडली. "बघ, किती स्वच्छ दिसतं," हे म्हणाले. दोन दिवस मी यांच्याशी कामापुरतंच बोलले.

मग गळतीची परीक्षा. बॅटऱ्या काढून आत टिशू पेपर ठेवायचा, झाकण लावून दिवा बादलीत बुडवायचा. कागद कोरडा निघाला तर पास. कागदाचा लगदा निघाला. यांनी नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप गुंडाळली आणि पान्यानं झाकण आवळलं. पुन्हा लगदा. मग पाय भिंतीला टेकवून आवळलं. शनिवारी दुपारपर्यंत ती रिंग खाचेतून जीभ काढल्यासारखी बाहेर आली होती आणि ओटाभर टिशू पेपर वाळत पडले होते.

"बाबा, बादलीत ही तऱ्हा, मग खाली काय होईल?" मासोळी म्हणाली.

"अजून थोडं आवळतो."

काय चुकतंय ते मला दुसऱ्या बादलीलाच दिसलं होतं. लग्न झाल्यापासून कुकर लावतेय मी. रिंग नीट बसली असेल तर झाकण हलक्या हातानं लागतं, पुढचं काम वाफ करते. पण मी कशाला बोलू? मला नुसती भाजीच चिरायची होती. दिवा भिजला असता, पोरगी कोरडी राहिली असती.

तेवढ्यात मासोळी आतून इस्त्रीचा शर्ट घालून आली. कचेरीत शोभेल असा. आरशासमोर उभी राहून तिनं कॉलर सारखी केली आणि म्हणाली, "बरा दिसतोय ना गं आई?" तक्रार नाही, काही नाही. तो शहाणा आवाज मला ऐकवेना. मला माझाच राग आला, आणि मला राग आला की तो यांच्यावर निघतो.

"अहो, ठेवा तो पाना खाली. अति तिथं माती. रिंग चिरडलीत तुम्ही."

"नळाचं मला शिकवू नकोस."

"नळाचं नाही, कुकरचं सांगतेय. मी कुकरचं झाकण पान्यानं आवळते का?"

"तिथं वाफ आतून ढकलते. इथं पाणी बाहेरून येणार."

"येऊ दे की. रिंगवर दाब आल्याशी कारण. तो कुणीकडून आला ते रबराला काय कळतंय?"

यांनी बाहेर आलेली रिंग बोटानं दाबून पाहिली. मासोळी शर्टाच्या बाह्या सारत पुढे आली. "बाबा, आई बरोबर बोलतेय. जितकं खोल जाऊ, तितकं पाणीच रिंगला घट्ट बसवेल. आपण फक्त तिला नीट बसू द्यायचं."

टेप सोलून काढली. खाच पुसली, नवी रिंग घातली, तिला बोटानं सिलिकॉन ग्रीस लावलं. झाकण मासोळीनं दोन बोटांनी फिरवलं. यांचे हात शिवशिवत होते, म्हणून पाना मी पिठाच्या डब्यात लपवला. बादलीतून कागद कोरडा निघाला. रविवारी सकाळी होडीतून रिकामा दिवा शिसं बांधून दोरीनं तळापर्यंत सोडला, तेव्हाही कोरडा. यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला, आणि मासोळी तिच्या डायव्हिंगच्या जोडीदाराबरोबर दिवा घेऊन पाण्यात उतरली.

मी होडीत बसून बुडबुडे बघत होते. दरवेळी तेवढंच दिसतं मला. बुडबुडे थांबले की माझाही श्वास थांबतो.

दुपारी मालकीणबाईंनी दुकानातल्या पडद्यावर चित्रण लावलं. आधी नुसती राखेसारखी भिंत. मग दिवा लागला आणि भिंत लालभडक झाली. शेंदरी पंख्यांसारखी पोवळी, पिवळे गोंडे, एक जांभळा खेकडा. हे आ वासून बघत होते. "एवढा रंग, आणि अंधारात?" असं दोनदा म्हणाले. मध्येच जोडीदारानं मासोळीच्या हातून कॅमेरा घेऊन तिच्याकडेच वळवला. ती पाण्यात आडवी तरंगत होती, हात पोटाशी बांधून, दिवा एका बोटाला अडकवलेला. घाई नाही, धडपड नाही. मुखवट्यामागे डोळे हसत होते. आमच्या ओट्यावर बसून पाय हलवते तेव्हा ती अशीच दिसते. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"काम तुझं," मालकीणबाई म्हणाल्या. "उद्या ये."

सोमवारची वाट न पाहता मी धक्क्यावरूनच दिरांना फोन लावला. "भाऊजी, ती खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"वहिनी, तुम्हीच तर मागे लागला होतात. पोरीला रोज पाण्यात पाठवणार? भीती नाही वाटत?"

"वाटते. वाटतच राहील," मी म्हणाले. "पण तुम्ही तिला तिथं पाहिलेलं नाही, भाऊजी. मीसुद्धा आजच पाहिलं."